फरशीवरचं पाणी

"मॅडम, पाटावर तुम्ही बसा."

"अहो काका, पूजा तुम्ही करणार. पाट तुमचा. मी बसते खाली."

"खाली ओलं हाय. साडी नवी दिसतीया. कुणी नेसवली?"

"आईनं."

"मग आईचं कष्ट वाया घालवू नका. बसा गप."

शेडमधले सगळे हसले. मी पाटावर बसले आणि रंगराव खोत, आमचे रंगाकाका, पांढरा लेंगा सावरत माझ्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले.

तेरा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. सांगलीजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात मी केमिस्ट होते. एमएस्सी होऊन चार महिने झाले होते आणि तिथली मी एकटीच बाई. स्टेनलेस स्टीलला जोड मारला की जोडाशी काळा-निळा डाग पडतो. तो घालवायला टाकीचे भाग नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात बुडवतात. बाहेर येतात तेव्हा ते सायीसारखे एकसारखे पांढरट दिसतात. या कामाला पिकलिंग म्हणतात. बावीस वर्षं ते रंगाकाका करत होते.

हायड्रोफ्लोरिक ॲसिडला शेडमध्ये सगळे एचएफ म्हणत. ते काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या निळ्या कॅनमधून येई. त्या शेडमधली एकही काच पारदर्शक नव्हती. खिडक्या दुधाळ झालेल्या, दिव्यांचे बल्ब दुधाळ झालेले. काकांच्या मनगटावरच्या घड्याळाची काचही वाफेनं इतकी धुरकट झाली होती की आतले काटे दिसत नसत. ते लग्नातलं घड्याळ होतं. काका त्याला रोज चावी द्यायचे आणि दिवसातून दहा वेळा कुणालातरी विचारायचे, "किती वाजले?"

एरवी काकांइतका काटेकोर माणूस मी पाहिला नव्हता. कोपरापर्यंतचे रबरी मोजे, गमबूट, ॲप्रन, चष्मा घातल्याशिवाय ते टाकीच्या दहा फूट जवळ जात नसत आणि कुणाला जाऊ देत नसत. पण त्या दिवशी त्यांनीच दारात उभं राहून सगळ्यांना बूट आणि मोजे काढायला लावले. देवाच्या कामाला चामडं नको, रबर नको. आदल्या दिवशी आणि त्या सकाळीही शेड पाइपनं धुऊन काढली होती. टाक्यांना झेंडूच्या माळा, क्रेनच्या हुकाला आंब्याचा डहाळा. काकांनी उघड्या बोटांनी टाकीवर, पंपावर, निळ्या कॅनवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. धूप आणि कापूर इतका जाळला होता की दुसरा कसला वास येण्याची सोयच नव्हती.

अर्धा तास पूजा चालली. नारळ फुटला. काका उठले, लेंग्याला मागून चिकटलेली झेंडूची पाकळी झटकली आणि म्हणाले, "झालं. आता उद्या सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावायचा न्हाई. हत्यारं झोपली."

साडेअकरापर्यंत सगळे प्रसाद घेऊन घरी गेले. फाटकावर शिवगोंडाअण्णा वॉचमन राहिले, समईला तेल घालायला काका राहिले आणि महिन्याचे आकडे पुरे करायला मी.

प्रयोगशाळेच्या दारात काका येऊन उभे राहिले.

"मॅडम, किती वाजले?"

"पावणेदोन."

ते गेले नाहीत. चौकटीला धरून उभे राहिले. चेहऱ्यावर घाम होता.

"काय झालं काका?"

"काय कळंना बगा. मांडीत कुणीतरी तापल्याली सळई घालून फिरवतंय असं वाटतंय. बसून अवघडली म्हणून तेल चोळलं. वाढतंच चाललंय."

"कुठं? दाखवा."

"तुमच्याम्होरं?" ते दुखत असतानाही लाजले. "लेकीसारख्या हायसा."

"लेकीसारखी आहे ना, मग दाखवा. काका, आत्ता!"

मी अण्णांना हाक मारली. त्यांनी पंचा धरला, काकांनी लेंगा खाली केला. उजव्या मांडीच्या मागे, खुब्याच्या खाली, दोन तळहातांएवढी जागा किंचित गुलाबी होती. मधोमध खडू फासल्यासारखा फिकट पट्टा. बस, एवढंच. फोड नाही, जखम नाही.

"काय बी न्हाई की," अण्णा म्हणाले. "मुंगी चावली आसंल. म्हाताऱ्याला सणाचा दिवस सोसंना."

मी पळत शेडमध्ये गेले. पाटाशेजारच्या फरशीवर अजून ओल होती. बाकीची सगळी फरशी दोन तासांत वाळून खडखडीत झाली होती. एरवी माझ्या खिशात असणारी, आम्ल ओळखायच्या पीएच कागदाची गुंडाळी येताना प्रयोगशाळेतून घेतली होती, तिचा तुकडा टेकवला. पिवळा कागद लालभडक झाला. वर पाहिलं. पूजेसाठी निळा कॅन भिंतीपासून ओढून पुढे घेतला होता, त्यात हातपंपाची नळी तशीच होती आणि नळीचं तोंड बाहेर लोंबत होतं. एक थेंब पडला. मी मोजलं. नऊ सेकंदांनी दुसरा. त्या कॅनमध्ये चाळीस टक्के एचएफ होतं आणि ते दिसायला थेट पाण्यासारखं असतं.

पुस्तकात एचएफला सौम्य आम्ल म्हणतात. परीक्षेत मी ते लिहून मार्क घेतले होते. सौम्य म्हणजे त्याचा रेणू सहजी फुटत नाही, आणि म्हणूनच तो न फुटता कातडीतून आरपार जातो. वर फारसं भाजत नाही. आत गेल्यावर फ्लोराइड मोकळं होतं आणि कॅल्शियम शोधत सुटतं. स्नायूतलं, हाडातलं, शेवटी रक्तातलं. रक्तातलं कॅल्शियम संपलं की हृदय थांबतं. वेदना सुरू व्हायला तास जातात, आणि ती सुरू झाली याचा अर्थ ते खोल पोचलेलं असतं.

त्यावर मलम मिळतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं. प्रथमोपचाराच्या पेटीत ते असल्याचं मी रुजू झाल्या दिवशी यादीत वाचून खूण केली होती. पेटी उघडली. ट्यूब होती. बुडापासून टोकापर्यंत दाबून, गुंडाळून, पार चपटी केलेली.

"हे कुणी वापरलं?" मी ओरडले.

"ते मलम व्हय?" काका भिंतीला टेकून दात आवळत म्हणाले. "टाचंच्या भेगांवर लई गुणाचं. सगळ्यांनीच लावलंय. मीच दिलं वाटून."

आधी धुवायला हवं होतं. आपत्कालीन शॉवरची साखळी ओढली. चार थेंब आले. वरची टाकी शेड धुण्यात रिकामी झाली होती.

"अण्णा, मोटर चालू करा."

अण्णा जागचे हलले नाहीत. मोटरवर हळदीकुंकू होतं, माळ होती, पुढे विडा-सुपारी. "मॅडम, आज मोटर न्हाई चालवत. बारकं टमरेलभर पानी आणू का?"

"अण्णा, हे मरतील."

"असं बोलू नगा सणाचं."

मी माळ खाली फेकली आणि बटण दाबलं. अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. मग तेच धावत गेले आणि काकांना खांद्याला धरून शॉवरखाली आणलं. पाणी पडत होतं तेवढ्यात मी प्रयोगशाळेत कॅल्शियम कार्बोनेटची बाटली शोधली, ती पावडर ग्लिसरीन आणि पाण्यात कालवून लेप केला, हातात मोजे चढवले. कारखान्याच्या साहेबांना चार फोन केले. ते दुसऱ्या कारखान्याच्या पूजेत होते; फोन वाजत राहिला. भिंतीवर चिकटवलेला एचएफचा माहितीचा कागद मी ओरबाडून काढला आणि पर्समध्ये कोंबला.

अण्णांनी रिक्षा थांबवली आणि तेही चढले. झेंडूनं मढवलेली. वीस मिनिटांचा रस्ता मी काकांच्या मांडीवर तो पांढरा लेप चोळत होते आणि काका रिक्षाच्या दांडीला कपाळ आपटत होते.

"चोळू नगा. पाया पडतो, चोळू नगा."

"चोळायलाच पाहिजे."

"मग तोडून टाका पाय. एकदाच काय ते होऊ दे."

रुग्णालयातल्या अपघात विभागात डॉ. शेडबाळे नावाचे तरुण डॉक्टर होते. सणामुळे एकटेच. त्यांनी लेप पुसला, बॅटरी मारून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"यात एवढं ओरडण्यासारखं काही दिसत नाही. मलम लावू, जागा बधिर करू. झोपतील."

"बधिर करू नका," मी म्हणाले.

"काय?"

"वेदना गेली तर औषध पोचतंय की नाही ते कळणार नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट द्या. कातडीखाली, आणि शिरेतून द्यायची तयारी ठेवा. आधी ईसीजी काढा."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. केमिस्ट. एमएस्सी."

पलंगावरून काकांनी माझा पदर धरला. "मॅडम, बधिर करू द्या की. ते करतो म्हणत्यात. तुम्ही का आडवताय? काय केलंय मी तुमचं?"

मी त्यांच्या हातातून पदर सोडवून घेतला. आजवर कुणाच्या हातातून मी काही इतक्या जोरानं सोडवलेलं नाही.

"डॉक्टर, हे वाचा." मी पर्समधला कागद पुढे केला. एका कोपऱ्याला माझ्याच हाताची हळद लागली होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मध्येच थांबून विचारलं, "किती वेळ संपर्क होता?"

"अर्धा तास. अकराच्या आसपास."

"अर्धा तास माणूस ॲसिडमध्ये बसतो? आणि कुणाला कळत नाही?" कागद खाली गेला. "तुम्ही केमिस्ट म्हणता. तुम्ही होतात तिथे?"

माझं तोंड उघडलं.

मी होते. हातभर अंतरावर. मला पाटावर बसवल्यावर काका खाली बसायच्या आधी वाकले होते, फरशीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले होते, "पानीच हाय न्हवं, मॅडम?" बावीस वर्षं जो माणूस विचारल्याशिवाय कशाला टेकला नाही, तो त्या दिवशीही विचारूनच टेकला. मी निऱ्या सावरत होते. खाली न बघता मी म्हणाले होते, "पाणीच आहे, काका. आत्ता तर धुतलंय." गुंडाळी खिशात नव्हती, कारण साडीला खिसा नव्हता. प्रयोगशाळा पंधरा पावलांवर होती.

हे मी आता सांगितलं तर? ज्या बाईनं ॲसिडला पाणी म्हटलं तिच्या सांगण्यावरून हा डॉक्टर कशाला कुणाच्या शिरेत काही सोडेल? आणि नाही सांगितलं तर...

"मॅडम तवा न्हवत्या तितं," काका म्हणाले.

डॉक्टर वळले.

"त्या आत ल्याबमधी हुत्या. मीच बसलो. मोजे काढलं, बूट काढलं, कुणाला इचारलं न्हाई. चूक माझी." प्रत्येक शब्दासाठी ते श्वास गोळा करत होते. "ह्या बाईला लई कळतंय, डाक्टर. ती म्हणतीया तसं करा. मला सोसंल."

ते माझ्याकडे बघत नव्हते. छताकडे बघत होते.

डॉक्टरांनी नर्सला हाक मारली. ईसीजीचा कागद सरकत बाहेर आला आणि तो हातात घेतल्यावर त्यांचा आवाजच बदलला. "सिस्टर, कॅल्शियम ग्लुकोनेट. जेवढं असेल तेवढं. आयसीयूमधूनही मागवा."

सिस्टर इंजेक्शनच्या काचेच्या इवल्या बाटल्या एकामागोमाग फोडू लागल्या. बारीक सुईनं डॉक्टर मांडीत जागोजागी टोचत होते आणि प्रत्येक टोचणीला काका आईला हाक मारत होते. छपन्न वर्षांचा माणूस. मी त्यांचं मनगट धरलं होतं; बोटांखाली घड्याळाची टिकटिक लागत होती.

"काका, किती दुखतंय? कमी झालं की सांगा."

"सळई."

पाच मिनिटांनी पुन्हा. "सळईच."

मॉनिटर मध्येच वेडावाकडा झाला. डॉक्टरांनी मला बाहेर ढकललं. दाराच्या काचेतून मला फक्त पाठी दिसत होत्या. ती काच स्वच्छ होती, आरपार दिसत होतं, आणि मला ते नको होतं. अण्णा बाकावर बसून दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते. "मोटरीला मी आडवलं. मीच आडवलं." मी त्यांना म्हणू शकले असते की तुमच्या त्या दोन मिनिटांनी काही बिघडलं नाही. मी पुन्हा काचेकडे वळले.

पाच वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. "ते तुम्हाला बोलवतायत."

काका राखेच्या रंगाचे झाले होते. ओठ हलले. मी कान खाली नेला.

"बिडी," ते म्हणाले.

"काय?"

"सळई न्हाई आता. बिडीचं टोक." मग डोळे मिटून, "किती वाजले?"

काका जगले. मांडीचं बरंच मांस काढावं लागलं, दोनदा कातडी लावली, चार महिने गेले. मी दर रविवारी जायची. दर वेळी ठरवून जायची. "काका, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं..." एवढं बोलले की ते मनगट पुढे करायचे. "मॅडम, किती वाजले बगा जरा." काकू हसायच्या. "घड्याळ बांधून बी हे दुसऱ्याला इचारत बसत्यात."

अपघाताच्या वहीत साहेबांनी आधीच लिहून टाकलं होतं: कामगाराचा निष्काळजीपणा. खाली काकांचा अंगठा. सही करता येत असताना अंगठा, कारण हाताला सलाईन होतं. मी ते वाचलं आणि वही मिटून ठेवली.

काका कामावर परत आले ते स्टोअरमध्ये, बसून करायच्या कामावर. पाय ओढत चालायचे. शेडमधली पोरं मागून म्हणायची, "म्हातारा आम्हाला मोजे घाल मोजे घाल म्हणून शिव्या द्यायचा, आन् सोता जाऊन ॲसिडात बसला." कुणी खुर्ची पुढे करून म्हणायचा, "बसा काका. पानी न्हाई, पुसलीया." काकाही हसायचे. बावीस वर्षांत मिळवलेलं एकच नाव त्यांच्याकडे होतं, सावध माणूस म्हणून. ते त्यांनी माझ्यासाठी त्या पलंगावर टाकून दिलं होतं आणि मी ते उचलून परत देत नव्हते. मी पोरांना गप्प बसा म्हणायची. बस, तेवढंच.

पुन्हा खंडेनवमी आली. शेड धुतली, माळा बांधल्या. पूजा काकांनीच करायची असं पोरांनीच ठरवलं. कितीही चेष्टा केली तरी त्यांच्याशिवाय त्यांना चालत नव्हतं. पाट मांडला होता. काकांना आता मांडी घालता येत नव्हती. ते पाटापाशी चपला घालून उभे राहिले. शेडमध्ये चपला घालून, पूजेला. सगळे बघत होते. पाटाच्या पुढे फरशी ओली होती.

"मॅडम," काका मोठ्यानं म्हणाले, "ओलं हाय. काय हाय ते?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "काका, या वर्षी बी बसायचं काय?"

मी साडी नेसले नव्हते. गुंडाळी खिशात होती. पण माझा हात खिशात जाईना.

"गेल्या वर्षी," मी सगळ्यांकडे वळून म्हणाले. "गेल्या वर्षी काकांनी हेच विचारलं होतं. बसायच्या आधी. मला विचारलं होतं. मी खाली बघितलं नाही, तपासलं नाही. पाणीच आहे म्हणाले. ते माझ्या शब्दावर बसले. मी तेव्हा शेडमध्ये नव्हते असं त्यांनी दवाखान्यात सांगितलं, ते खोटं आहे. मी या पाटावर होते."

धूप जळत होता. साहेब दारात उभे होते. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मघाशी हसलेला पोरगा क्रेनच्या हुकाकडे बघत होता.

काकांनी धुरकट घड्याळ चढवलेला हात कमरेवर ठेवला.

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मी आत्ताचं इचारतोय. आरती खोळंबलीया."

मी गुडघ्यांवर बसले. चार ठिकाणी कागद टेकवला. भिंतीपर्यंत जाऊन निळ्या कॅनचं झाकण आणि पंपाची नळी बघितली, परत येऊन पाचव्यांदा टेकवला. कागद पिवळाच राहिला. दोन-तीन मिनिटं गेली असतील. 

"पाणी आहे, काका."

काकांनी चपला काढल्या.